चढणीवरच्या बाकाचं म्हणणं

त्या दिवशी सकाळपासून भुरभुर लागली होती. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुकं म्हणावं तर धुकं नाही. माळावरून वारा यायचा आणि ती भुरभुर आडवी उडवून लोकांच्या चष्म्यावर नेऊन चिकटवायचा. महिना जूनचा होता, पण आमच्या विलायतेतल्या हॅदरक्लफला जून कधी आला आणि कधी गेला हे भिंतीवरच्या कॅलेंडरला तेवढं माहीत. अशा हवेत माझ्यावर कुणी बसत नाही. त्या दिवशी मात्र दोघं बसली होती, एकाच छत्रीखाली, आणि त्यांच्या हातात एक मोबाईल होता. त्या मोबाईलमध्ये नगरपालिकेचे तीन नगरसेवक बसले होते.

मी बाक बोलतोय. चॅपल लेनची चढण चढताना अर्ध्या वाटेत, कोपऱ्यावरच्या दुकानासमोर एक लाकडी बाक होता ना, तोच मी. होता म्हणालो, ते चुकून नव्हे. आता मी तिथे नाही. का नाही, तेच सांगायचंय. मला शिक्षण नाही, भराभर बोलता येत नाही. पण वेळ भरपूर आहे, तेव्हा जरा दमानं घ्या.

मी ओकच्या लाकडाचा. नगरपालिकेच्या सुतारकामाच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. ज्यानं मला घडवलं तो सुतार काम करताना शीळ घालायचा. मी तयार झालो तेव्हा त्यानं माझ्या सगळ्या कडांवरून उघडा तळहात फिरवला, कुणाच्या पोटरीला कुसळ लागू नये म्हणून. माणसांशी माझी पहिली ओळख ही अशी. त्यामुळे माणूस ही जात भली, असा माझा समज झाला. तो समज अजून पुरता गेलेला नाही, पण त्याला बऱ्याच ठिकाणी पोचे आलेत.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या आवडत्या जागी त्याच्या नावाचा बाक ठेवतात. मी नॉर्मन सग्डनच्या नावाचा. माझ्या पाठीवर पितळेची एक पट्टी आहे. मला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी स्वतःची पाठ कुणाला दिसलीय? पण लोक ती पट्टी मोठ्यानं वाचायचे, त्यामुळे मला पाठ झाली. ‘नॉर्मन सग्डन, बस ड्रायव्हर. बसा. यायला वेळ आहे.’

हा नॉर्मन चॅपल लेनची बस चालवायचा आणि कधीच वेळेवर यायचा नाही. लांबून एखादी म्हातारी पिशवी सावरत येताना दिसली की हा बस थांबवून ठेवायचा. आतले लोक कुरकुरायचे. बाहेरचे त्याला दुवा द्यायचे. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं, एनिडनं, मला त्याच्याच थांब्यावर ठेवून घेतलं आणि ते वाक्यही तिनंच सांगितलं. पुढे काही वर्षांनी ती बसच बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणे. पट्टी मात्र राहिली. लोक अजूनही ती वाचून हसायचे, पण ते हसणं निराळं होतं.

बस बंद झाल्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल तर एनिडला. तिची धाकटी बहीण मेव्हिस वर टेकडीच्या टोकाला वृद्धाश्रमात असते. मेव्हिसला आता माणसं नीट आठवत नाहीत, पण दुपारचा चहा ती एनिडच्या हातूनच पिते. दुसऱ्या कुणी कप पुढे केला की तोंड फिरवते. म्हणून एनिड रोज दुपारी चालत वर जायची. तिचे गुडघे गेलेले. अर्धी चढण चढली की मी यायचो. ती माझ्यावर टेकायची, पट्टीवर हात ठेवायची, श्वास जागेवर आला की म्हणायची, “चल नॉर्मन, येते हां,” आणि उठायची. मी नसतो तर ती वर पोचली नसती. ही बढाई नाही, हिशेब आहे. अर्ध्या वाटेत बसायला दुसरं काहीही नव्हतं.

तर असं चाललं होतं. मग डेरेक आणि त्याचे दोन सोबती यायला लागले.

डेरेक वाईट नाही. खालच्या लोकर गिरणीत कामाला होता, गिरणी बंद पडली, बायको निघून गेली. खालच्या मोठ्या बाजारातून बिअरचे डबे घ्यायचे आणि चढण चढता चढता माझ्यापाशी आले की बसायचं. मला त्यांचं ओझं नव्हतं. एनिड आली की डेरेक लगेच उठायचा. “बस मावशी, तुझ्याच घरची जागा आहे,” म्हणायचा. पण तो नसला की ते दुसरे दोघे उठायचे नाहीत. एक तर बहुतेक वेळा आडवाच झालेला असायचा. उठायला सांगणं एनिडच्या स्वभावात नाही. ती दिव्याच्या खांबाला धरून उभी राहायची आणि मग तशीच वर जायची. एक दिवस ती खांबाला धरून बराच वेळ उभी राहिली, आणि वर न जाता खाली परत गेली. त्या दिवशी मेव्हिसनं चहा घेतला नाही.

आता समोरचं दुकान. तिथे पूर्वी टपाल कचेरी होती. ती बंद झाल्यावर ती जागा तेवराजानं घेतली. तो मूळचा जाफनाकडचा, बायको कलैवाणी. दूध, पाव, वर्तमानपत्रं, मेणबत्त्या, मांजरांचं खाणं, सगळं मिळायचं. एनिडचं दूध तो स्वतः घरी पोचवायचा. पण संध्याकाळी त्याच्यावर माशा मारत बसायची वेळ यायची. गिऱ्हाईक आत यायचं, दूध उचलायचं आणि विचारायचं, “वाइन नाही?” नाही म्हटलं की दूध परत ठेवून खाली मोठ्या बाजारात चालू पडायचं. मी समोरून हे रोज बघायचो. शेवटी त्यानं दारू विकायच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि कायद्याप्रमाणे दुकानाच्या काचेवर फिकट निळा कागद लावला. तो चार आठवडे लावून ठेवायचा. ज्याला हरकत असेल त्यानं तेवढ्या मुदतीत लिहून द्यायचं.

एनिडनं तो कागद वाचला. आणि तिच्या शेजारच्या क्लिफर्डनं तर त्याचा फोटोच काढला.

क्लिफर्ड निवृत्त आहे. नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला थर्मास घेऊन हजर राहतो. मनानं चांगला, पण त्याला काहीही नुसतं सांगता येत नाही, त्याला ते समजावून द्यावं लागतं. तो एनिडला घेऊन माझ्यावर बसला आणि मांडीवर कागद ठेवून त्यानं विचारलं, “बोल, काय हरकत आहे तुझी?”

“हरकत अशी नाही रे. दुकानाबद्दल मला काही म्हणायचंच नाही. तो बिचारा माझं दूध आणून देतो. दारू मिळायला लागली तर इथे आणखी गर्दी होईल एवढंच. मला बसायला मिळालं पाहिजे.”

“हे चालत नाही.”

“काय चालत नाही?”

“बसायला मिळणं. चारच कारणं चालतात. गुन्हेगारी, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांना होणारा अपाय. ह्याबाहेरचं काही लिहिलंस की ते बाजूला काढून ठेवतात.”

“आणि म्हाताऱ्यांना होणारा अपाय?”

“तो नाहीये त्यात.”

“बरं, मग असं लिही, की खाली एवढा मोठा बाजार दारूनं भरलाय, आणखी एक दुकान कशाला?”

“गरज आहे की नाही हे त्यांनी बघायचंच नसतं, अगं. कायदाच तसा आहे.”

“दारूनं माणसं मरतात, हे?”

“तब्येतीचा प्रश्न वेगळ्या खात्याकडे.”

“माझे गुडघे?”

“गुडघे तर अजिबातच नाही.”

क्लिफर्डनं पेन्सिल कानाला लावली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्यानं खाली, माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. मला तेव्हाच जरा कसंसं वाटलं होतं.

“बाक!” तो म्हणाला. “बाकाबद्दल लिहायचं. बाकावर टोळकं जमतं, घाण करतं, आरडाओरडा करतं, येणाऱ्याजाणाऱ्याला भीती वाटते. हा झाला सार्वजनिक उपद्रव. हे त्यांना घ्यावंच लागेल.”

“पण मी डेरेकला घाबरत नाही. त्याला मी लंगोटात बघितलाय.”

“डेरेकचं नाव कुठे घालायचंय? टोळकं लिहायचं, टोळकं.”

आणि तसं लिहिलं गेलं. जे खरं होतं, म्हणजे गुडघे, मेव्हिस, चहा आणि बसायला मिळणं, त्यातलं काहीही चालत नव्हतं. जे चालत होतं ते लिहिलं, आणि खाली एनिडनं सही केली. क्लिफर्डनं माझ्या पायाशी पडलेल्या रिकाम्या डब्यांचे फोटो काढले. इतकी वर्षं झाली, माझा फोटो कुणी काढला नव्हता. आणि काढला तो हा असा.

मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे, समोर तो तेवराजा गल्ल्यावर बसलाय. रस्ता ओलांडून जा आणि त्याच्याशी बोला. पण इथली माणसं एकमेकांना भेटली की हवेबद्दल बोलतात. “आज जरा गारवा आहे नाही?” “हो ना, पण काल जास्त होता.” मनातलं सांगायचं झालं की नगरपालिकेला कागद पाठवतात.

तर तो भुरभुरीचा दिवस. आताशा नगरपालिकेच्या अशा सुनावण्या मोबाईलवरच होतात. क्लिफर्डची कल्पना अशी, की घरात बसून बोलण्यापेक्षा जागेवरूनच बोलायचं, म्हणजे नगरसेवकांना जागा प्रत्यक्ष दिसेल. त्यामुळे ही दोघं छत्रीखाली माझ्यावर, आणि समोर काचेआड तेवराजा लॅपटॉप घेऊन गल्ल्याशी. रस्त्याच्या ह्या बाजूची माणसं त्या बाजूच्या माणसाशी पलीकडच्या गावातल्या सभागृहामार्फत बोलत होती. दुकानाचं दार उघडं होतं. तेवराजा बोलला की त्याचा आवाज आधी दारातून यायचा आणि मग तोच आवाज मोबाईलमधून यायचा. नजरानजर झाली की एनिड आणि तो दोघंही मान हलवायची आणि घाईनं खाली बघायची.

अध्यक्ष होत्या ब्रेथवेटबाई. आवाज मऊ, बोलणं आदबशीर. आधी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यानं अर्ज वाचला. पोलिसांची हरकत नव्हती, कारण तेवराजानं त्यांच्या सगळ्या अटी आधीच कबूल केल्या होत्या. कॅमेरे लावायचे, कोवळ्या चेहऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे वयाचा पुरावा मागायचा, फार कडक बिअर ठेवायची नाही, सुटा डबा विकायचा नाही, दुकानाबाहेर बसायची सोय करायची नाही. तेवराजाचा एक सल्लागार होता, तो प्रत्येक अट असा वाचत होता जणू मिठाई वाटतोय.

मग ब्रेथवेटबाईंनी माझे फोटो दाखवून विचारलं, “मिस्टर तेवराजा, ह्या डब्यांबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय?”

“हे डबे माझ्या दुकानातले नाहीत, मॅडम.”

“ते तुम्ही कशावरून म्हणता?”

“माझ्याकडे परवाना नाही, मॅडम. म्हणूनच तर आज आपण भेटलोय.”

मोबाईलमध्ये कुणीतरी खोकलं. “परंतु पुढे असू शकतील,” दुसरे एक नगरसेवक म्हणाले, आणि ते कुणीतरी लिहून घेतलं.

एनिडची पाळी आली. ती बोलायला लागली. ओठ हलत होते, छत्री हलत होती. “मिसेस सग्डन, तुमचा आवाज बंद आहे,” ब्रेथवेटबाई म्हणाल्या. क्लिफर्डनं कुठेतरी बोट दाबलं. एनिडला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

“माझी बहीण वर असते. मेव्हिस. तिला दुपारी चहा लागतो, आणि ती माझ्याच—”

“मिसेस सग्डन, माफ करा हं,” एक पुरुषी आवाज आला. तो त्यांचा कायद्याचा सल्लागार. “आपण चार उद्दिष्टांना धरून बोलावं.”

“हो हो. तर बहीण वर असते, आणि माझे गुडघे—”

“बाक,” क्लिफर्डनं कोपरानं ढोसलं. “बाक म्हण.”

“बाक,” एनिड म्हणाली. तिचा आवाज बसला. “बाकावर उपद्रव होतो.”

“टोळकं.”

“टोळकं जमतं.”

क्लिफर्ड उठला आणि मोबाईल माझ्यावर धरून जागा दाखवायला लागला. नेमका तेव्हाच चढण चढत डेरेक आला. डोक्यावर टोपी, हातात मोठ्या बाजाराची पिशवी. “काय मावशी, सिनेमा काढताय काय?” तो म्हणाला, मोबाईलमध्ये वाकून बघितलं, “हॅलो हॅलो” केलं, आणि पाऊस असूनही माझ्या टोकाला बसून त्यानं एक डबा फोडला. खट्ट असा आवाज झाला, तो तिन्ही नगरसेवकांना ऐकू गेला असणार.

“हेच का ते टोळकं?” ब्रेथवेटबाईंनी विचारलं.

“नाही हो,” एनिड म्हणाली. “हा डेरेक आहे.”

“आपली वेळ संपली. आभारी आहे.”

मग नगरसेवक विचार करायला आत गेले, आणि क्लिफर्ड परत माझ्यावर बसला. मोबाईलच्या पडद्यावर रिकाम्या खुर्च्या राहिल्या. त्या खुर्च्यांकडे मी बघत होतो. गुबगुबीत, चाकांच्या. पाऊस कधी न लागलेल्या.

तेवढ्यात तेवराजा दुकानातून बाहेर आला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कागदी पेल्यात चहा. तो रस्ता ओलांडून एनिडपुढे उभा राहिला.

“सुनावणी चालू असताना दोन्ही बाजूंनी आपसात बोलू नये,” क्लिफर्ड म्हणाला.

“मग बोलू नको,” एनिड म्हणाली. “चहा दे इकडे.”

पेला तिच्या हातात देऊन तेवराजा म्हणाला, “सग्डनबाई, तुम्ही मला सांगायचं होतं. तुम्ही खांबाला धरून उभ्या असता ते मी आतून बघतो. मला वाटायचं, तुम्हाला मोकळी हवा आवडते. मी त्यांना उठवलं असतं.”

“तुझ्याबद्दल काही नव्हतंच रे. मला नुसतं बसायचं होतं.”

“मला सांग की मावशी,” डेरेक म्हणाला. “त्या दोघांना मी खाली चॅपलच्या पायरीवर बसवलं असतं. त्यांना काय, कुठेही बसवा.”

ऐकलंत? सगळं मिटलं होतं. एका कागदी पेल्यात मिटलं होतं. ना उपद्रव राहिला होता, ना टोळकं. माझ्यावर तिघं बसली होती, एक जण समोर उभा होता, आणि मी म्हटलं, आता हा मोबाईल बंद करून टाका आणि आपापल्या घरी जा. पण मोबाईल चालूच होता. नगरसेवक परत आले.

ब्रेथवेटबाईंनी निकाल वाचला. परवाना मंजूर, सगळ्या अटींसह. तेवराजानं हळूच श्वास सोडला. एनिडनं मान डोलावली, तिला त्यात वाईट काहीच वाटलं नाही. मग बाई पुढे म्हणाल्या, “रहिवाशांची तक्रार आम्ही गांभीर्यानं घेतली आहे. पुरावा पाहता उपद्रवाचं मूळ त्या बाकात दिसतं. तो विषय आमच्या अखत्यारीत येत नाही, परंतु बाक हलवण्याबाबत आम्ही संबंधित खात्याला कळवत आहोत.”

“अहो, कुठला बाक?” एनिड म्हणाली. “नॉर्मनचा बाक?”

“मिसेस सग्डन, बोलण्याची वेळ संपली आहे.”

“अहो पण—”

पडदा काळा झाला.

ते दारू कुणी विकायची हे ठरवायला बसले होते. कुणी बसायचं हे ठरवून उठले. आणि मजा अशी, की कुणीही वाईट वागलं नव्हतं. ब्रेथवेटबाई नियमाप्रमाणे वागल्या. त्यांचा कायद्याचा सल्लागार नियमाप्रमाणे वागला. क्लिफर्ड तर नियम पाठ करून आला होता. असं असल्यावर राग कुणावर काढायचा? मला सुतारानं राग काढायला काही दिलेलंच नाही. पाय दिलेत, पाठ दिलीय, हात टेकायला दोन दांडे दिलेत, बस्स.

क्लिफर्डनं फोन केले, खूप केले. अपील करता येतं म्हणे, पण ते परवान्याविरुद्ध. बाकाविरुद्धच्या शिफारशीवर अपील नसतं, कारण ती शिफारस आहे, निर्णय नाही. शेवटी त्या संबंधित खात्यातली एक मुलगी फोनवर आली. “काका, आम्ही मनानं करत नाही हो,” ती म्हणाली. “तुमच्याच तक्रारीवरून चाललंय.” क्लिफर्डनं फोन ठेवला आणि बराच वेळ थर्मासचं झाकण उघडझाप करत बसला.

आमच्या चढणीवरचा दिवा बंद पडला त्याला किती हिवाळे झाले मला आठवत नाही. लोकांनी लिहून लिहून पाहिलं. कचऱ्याचा डबा मागितला, आला नाही. कठडा मागितला, आला नाही. मला उचलायला मात्र लगेच माणसं आली. त्या एका कामात नगरपालिकेनं जी तडफ दाखवली ती पाहून लोक थक्क झाले.

दोघं कामगार होते. पान्यानं माझे बोल्ट सोडवायला लागले. तेवराजा धावत बाहेर आला. “माझ्या दुकानापुढे ठेवा. ती जागा माझी आहे, नगरपालिकेची नाही.”

“ठेव की,” एक कामगार म्हणाला. “परवाना घेतलास ना रे तू? त्यात बघ काय लिहिलंय.”

तेवराजानं बघितलं नाही. त्याला पाठ होतं. दुकानाबाहेर बसायची सोय करायची नाही. ती अट त्यानं स्वतः कबूल केली होती, सुनावणीच्या आधीच.

कामगार तसे भले होते. ज्याचा बाक त्यानं नेला तर आम्हाला गाडीत घालायचा त्रास वाचला, म्हणाले. मग मला एनिडच्या घरी न्यायचं ठरलं. नेलं कुणी? डेरेकनं आणि त्याच्या दोन सोबत्यांनी. मला खांद्यावर घेऊन उतरणीवरून खाली आणलं, आणि मध्येच दमले तेव्हा मला रस्त्यात टेकवून माझ्यावरच बसले. टोळक्याची ती माझ्यावरची शेवटची बैठक. जाणारी एक मोटार थांबली, आतल्या माणसानं पट्टी वाचली आणि विचारलं, “बस अजून आली नाही वाटतं?”

तेव्हापासून मी एनिडच्या मागच्या अंगणात आहे. समोर कचऱ्याचे दोन डबे आणि कपड्यांची दोरी. पलीकडे क्लिफर्डची भिंत. वारा लागत नाही, पाऊसही निम्माच लागतो. एनिड रोज सकाळी येऊन बसते, पट्टी पुसते. पण मी इथे कशाला आहे, सांगा? इथे तिला बसायची गरजच नाही. पाठीमागे स्वयंपाकघरात तिची उशी घातलेली खुर्ची आहे. जिथे तिचे पाय थकतात तिथे मी नाही, आणि जिथे मी आहे तिथे ती थकत नाही.

ती वर जायचा प्रयत्न करते. मी ऐकतो ना, बाहेर पडताना ती मला सांगून जाते. अर्ध्या वाटेवर, माझ्या जागी, आता सिमेंटनं बुजवलेली चार भोकं आहेत. तिथवर जाते, खांबाला धरून उभी राहते, परत येते. रविवारी क्लिफर्ड मोटारीनं नेतो. बाकीचे दिवस मेव्हिस कपाकडे बघून तोंड फिरवते.

डेरेकचे ते दोघे सोबती आता चॅपलच्या पायरीवर बसतात. डबे अजूनही खालच्या मोठ्या बाजारातूनच आणतात, कारण तेवराजाला सुटा डबा विकायची मनाई आहे. म्हणजे दारू तिथूनच येते, प्यायलाही तेच लोक आहेत. एवढ्या सगळ्यातून गेलं कोण, तर मी.

तेवराजानं एक केलंय. दुकानाच्या आत, दाराशी, एक लाकडी खुर्ची ठेवलीय. आत ठेवायला मनाई नाही. कलैवाणीनं तिच्यावर भरतकाम केलेली उशी घातलीय. दूध द्यायला आला की तो सांगतो, “सग्डनबाई, वर जाताना टेका जरा. कुणी विचारणार नाही.” एनिड “हो हो” म्हणते, हवेबद्दल काहीतरी बोलते आणि दार लावते. मग माझ्यापाशी येऊन म्हणते, “त्याच्याविरुद्ध मी सही करून दिली, नॉर्मन. आता त्याच्याच खुर्चीवर कुठल्या तोंडानं बसू?”

असं आहे. वर चहा आहे, मध्ये खुर्ची आहे, खाली एनिड आहे. मध्ये आडवं काय आलंय तर एक सही. आणि ती सही ज्याच्यावर बसून केली तो मी, इथे कचऱ्याच्या डब्यांकडे तोंड करून बसलोय.

निकाल देणाऱ्यांनो, तुमचे नियम असतील चांगले. मी त्यातला नाही. फक्त एवढं करा, कुणी बोलता बोलता अडखळलं तर त्याला लगेच उद्दिष्टांवर आणू नका. अडखळला तिथेच त्याचं खरं म्हणणं असतं. आणि शेजाऱ्यांनो, कागद पाठवायच्या आधी एकदा रस्ता ओलांडा. बाकी मला काही मागायचं नाही.

काल संध्याकाळी एनिड आत भांडी घासत होती. क्लिफर्ड भिंतीवरून डोकावला. तो वर जाऊन आला होता, एकटाच. मेव्हिसनं नर्सला विचारलं होतं म्हणे, ती चहावाली बाई हल्ली का येत नाही. हे एनिडला सांगावं की सांगू नये, हे त्याला कळत नव्हतं. खुर्चीचं त्यानं तिला पुष्कळदा सांगून पाहिलंय. नियम सांगितले, उदाहरणं दिली. ती ऐकत नाही. तो कोपरं भिंतीवर टेकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. पाठीवरची पट्टी त्यानं वाचली असावी, ओठ हलले. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघून, आवाज बारीक करून, तो मला म्हणाला,

“नुसता ऐकत काय बसलायस? माझं ती ऐकत नाही. तू तरी बोल की तिला काहीतरी.”